रिकाम्या गाडीचं वजन

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एक लग्नाचं वऱ्हाड तोलत होते. पाचोऱ्याहून भडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जिनिंगच्या आवाराला लागून वजनकाटा होता आणि आबा त्या काट्याचे कर्तेकरविते. वऱ्हाडाचा टेम्पो जाताना त्यांनी थांबवला, माणसांसकट काट्यावर चढवला, आकडा लिहून घेतला आणि सांगितलं, येताना परत चढवा. संध्याकाळी टेम्पो आला, तीच माणसं, तोच ड्रायव्हर. आबांनी पुन्हा आकडा घेतला, वजाबाकी केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून जाहीर केलं, "नव्वद किलो. भरीत चांगलं झायेल दिसस." वऱ्हाड हसून हसून लोळलं. आबा मात्र हसले नाहीत, कारण त्यांच्या मते त्यांनी विनोद केलाच नव्हता.

माणूस असा होता. अंगात पांढरा सदरा, धोतर नाही, पायजमा, आणि डोक्यावर एक टोपी, जी कधीकाळी पांढरी असावी. चहा बशीतूनच. बशी तोंडाला लावायच्या आधी ती दोन्ही हातांनी जराशी वर-खाली करायचे; आम्ही म्हणायचो, चहापण तोलून पितात. त्यांची बायको, जिला गाव अक्का म्हणायचं, ती आमच्यासमोरच त्यांचा उद्धार करायची. "हाऊ माणूस भाजीमा मीठ कमी शे हाई सांगाले बी तीन दिन लावस. तवलोंग भाजी बी संपस आणि भांडन बी."

अक्काचं म्हणणं खोटं नव्हतं. आबांचा तीन दिवसांचा नेम होता, आणि तो आम्हाला माहीत झाला कबड्डीमुळे.

आमचं एक कबड्डी मंडळ होतं. सराव जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत, त्यामुळे आबा आमचे शेजारी. ते स्वतः कधी खेळले होते की नाही, कुणाला ठाऊक नाही; विचारलं तर म्हणायचे, "मी बसेल माणूस शे." पण तालुक्यातली एक स्पर्धा त्यांनी सोडली नसेल. आम्ही हरून आलो की लोक बसस्टँडपासूनच हिशेब चुकते करायला लागायचे. याने खाल्लं, त्याने घालवलं. आबा त्या दिवशी तोंडातून शब्द काढायचे नाहीत. फार छेडलं तर एवढंच, "आज बोलानं नही. तीन दिन जाऊ द्या, मंग या." मेलेल्या माणसाचंसुद्धा तीन दिवस कुणी वाईट बोलत नाही, हरलेला तर जिवंत आहे, असा त्यांचा युक्तिवाद.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सातजण त्यांच्या केबिनमध्ये कोंबले जायचो. चहा यायचा. मग आबा काट्याचं कोरं पावतीबुक काढायचे आणि खेळाडूंची पावती फाडायचे. जशी कापसाच्या गाडीची फाडतात तशीच. वर नाव, खाली तीन ओळी: भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ.

"पहिले खाली गाडी तोल, मंग माणूस," हे त्यांचं ब्रीद. आमच्याकडे रिकाम्याला खाली म्हणतात. गाडी भरून आली की आकडा मोठा दिसतो, पण त्यात ट्रॉलीचं लोखंड असतं, ड्रायव्हर असतो, ताडपत्री असते. ते वजा केल्याशिवाय माल किती हे कळत नाही. मॅचचंही तसंच. लोक भरलेली गाडी बघून बोलतात. आबा विचारायचे, "तुम्ही त्याले काय दिधं? ते पहिले सांगा."

म्हणजे असं, की आमचा मुख्य चढाईपटू गोपाल. समोरच्यांच्या हद्दीत एकट्याने शिरून गडी बाद करून आणायचं काम त्याचं. एका सामन्यात तो चारदा पकडला गेला आणि आम्ही हरलो. गावाने त्याला धुतला. तिसऱ्या दिवशी आबांनी एकेक चढाई काढली. पहिल्या पकडीच्या वेळी मैदानात आपले किती होते? दोन. बाकीचे कुठे होते? बाद होऊन बाहेर बसलेले. कशाने बाद झाले? एकजण रेषेबाहेर पाय टाकून, एकजण उगाच पंचांशी हुज्जत घालून. असं करत करत आबांनी सगळं लोखंड वजा केलं, आणि गोपालच्या पावतीवर निव्वळच्या ओळीत चांगला घसघशीत आकडा आला. तो आकडा गुणांचा नव्हता, किलोंचाही नव्हता. आबांचाच काहीतरी होता. आम्ही मानायचो.

नुसती दया असती तर आम्ही त्यांना कधीच गुंडाळून ठेवलं असतं. पण जिंकल्यावरही हाच काटा. एकदा बोदवडला गोपालने एकट्याने बारा गुण आणले. पोरांनी त्याला खांद्यावरून स्टेशनपर्यंत नेलं. तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, समोरचा कोपऱ्यावरचा गडी लंगडत होता, तुम्हाला दिसलं नाही का? "निव्वळ सात." गोपालने आठवडाभर आबांशी अबोला धरला. आठव्या दिवशी स्वतःच आला आणि म्हणाला, "साडेसात तरी करा, आबा." आबांनी विचार करायला पुन्हा तीन दिवस घेतले आणि सातच ठेवले.

केबिनच्या भिंतीला एक लांब खिळा होता. त्याला अर्ध्या पावत्या टोचलेल्या असायच्या. भरलेली गाडी तोलून आत गेली, माल उतरवायला वेळ लागतो. ती रिकामी होऊन परत काट्यावर येईपर्यंत पावती अर्धीच. कधी गाड्या दोन-दोन दिवस यायच्या नाहीत. कधी ड्रायव्हर लबाडी करायचा, भरलेल्या वेळी आपण गाडीत बसायचा आणि रिकाम्या वेळी चहाला जायचा, म्हणजे त्याच्या देहाइतका कापूस फुकटात वाढायचा. आबा खिडकीतून बघायचे आणि त्याला चहाच्या टपरीवरून उठवून आणायचे. पण गाडीच आली नाही तर ते काही करत नसत. मालक ओरडायचा, अंदाजाने लिहून टाका. आबा म्हणायचे, "गाडी येई. खाली होईसन येईच. कोठे जाई?"

आता त्या मॅचचं सांगतो. ते सांगायलाच बसलोय, पण मीही आबांसारखा आढेवेढे घेतोय.

मोठ्या मैदानावर एक अडचण असते. चढाईला जाणाऱ्या गड्याला नेमका गुणफलक माहीत लागतो. पुढे असलो तर जीव वाचवून परत यायचं. मागे असलो तर आत घुसायचं. गावाकडच्या स्पर्धेत गुणफलक म्हणजे खडूने लिहिलेला फळा, आणि फळ्यापुढे कायम माणसांची भिंत. लाउडस्पीकरवाल्याला गुण सांगण्यापेक्षा बक्षिसं देणाऱ्यांची नावं सांगण्यात रस. म्हणून आबांनी तोडगा काढला होता. ते गुणलेखकाच्या टेबलाला खेटून खुर्ची टाकून बसायचे. टोपी डोक्यावर म्हणजे आपण पुढे. टोपी हातात म्हणजे मागे. टोपी गुडघ्यावर म्हणजे बरोबरी. ही खूण आम्हा सातजणांना आणि आबांना, एवढ्यांनाच ठाऊक. गोपाल मध्यरेषेवर उभा राहून एकदा टोपीकडे बघायचा आणि मगच पाऊल टाकायचा.

भडगावला गिरणेच्या काठी ती स्पर्धा होती. अंतिम सामना, समोर धुळ्याकडचा संघ, तगडा. त्या सामन्यावर आणखी एक गोष्ट टांगलेली होती. जळगावला जिल्ह्याच्या निवड शिबिरासाठी आमच्या मंडळातून एकच नाव जाणार होतं. ते गोपालचंच जाणार हे सगळे धरून चालले होते. त्याची वयाची अट त्याच वर्षी संपत होती. या खेपेला गेला नाही तर पुढे जिल्हा नाही, आणि खेळाडूंच्या राखीव जागेतून भरतीची जी आशा त्याच्या आईने धरली होती तीही नाही. गोपालच्या नंतरचं नाव माझं होतं. मी डाव्या कोपऱ्यावर खेळायचो आणि पकडीत बरा होतो, असं माझं मत होतं.

शेवटची दोन मिनिटं. आमची आघाडी होती. त्यांचा गडी चढाईला आला आणि मी घाई केली. त्याचा घोटा धरायला एक श्वास आधी झेपावलो. तो आम्हा तिघांना शिवून परत गेला, आणि मैदानात उरला एकटा गोपाल. मी बाहेर जाताना गोपाल माझ्यावर खेकसला, "घाई काब्रं करस रे तू?" हजार माणसांसमोर. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

तेवढ्यात टेबलापाशी वाद उभा राहिला. मागच्या एका झटापटीतला गुण आमचा की त्यांचा, यावरून. आमचा धरला तर आम्ही एकाने पुढे, त्यांचा धरला तर एकाने मागे. पंच डोकी एकत्र करून बोलले आणि गुण आम्हाला दिला. म्हणजे आम्ही एकाने पुढे होतो. गोपालने आता नुसती आतली रेष शिवून परत यायचं होतं, वेळ संपत होती, करंडक आमचा. मात्र तो पकडला गेला तर एक गुण त्यांचा आणि शेवटचा गडी बाद झाला म्हणून लोणाचे आणखी दोन.

निर्णय काय झाला हे मध्यरेषेवरच्या गोपालला कळायला एकच वाट होती. त्याने आबांकडे पाहिलं.

नेमक्या त्याच वेळी आबांचा सत्कार चालला होता.

झालं असं, की पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून आयोजकांनी सामना चालू असतानाच सत्कार उरकायला घेतले. टॉवेल, टोपी, नारळ. ज्येष्ठ कबड्डीप्रेमी म्हणून लाउडस्पीकरवर आबांचं नाव पुकारलं गेलं. आबांनी आयुष्यात सत्कार घेतला नव्हता. कुणी केलाच नव्हता, हेही खरं. आपलं नाव एवढ्या मोठ्याने ऐकून ते खुर्चीतून उठले. मी बाद झालेल्यांच्या जागेत, त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो. त्यांचा चेहरा मी पाहिला. एवढे खूश झालेले आबा मी आधी पाहिले नव्हते. त्यांनी आपली जुनी टोपी काढून हातात घेतली आणि नवी घालून घ्यायला डोकं झुकवलं. पाहुणे नवी टोपी वर धरून फोटोवाल्याकडे बघत हसत थांबले. फोटोवाला म्हणाला, थांबा, अजून एक.

टोपी आबांच्या हातात होती. टोपी हातात म्हणजे मागे. गोपालने पाहिलं, छाती भरून घेतली आणि आत घुसला.

हे मला दिसलं. टोपी दिसली, गोपालची नजर दिसली आणि काय होणार हेही कळलं. बाहेर बसलेल्याला ओरडायला बंदी नसते. एक हाक पुरली असती. मी ओरडलो नाही. गोंधळलो होतो असं म्हणायला मी मोकळा आहे, आणि बरीच वर्षं स्वतःला तसंच सांगत आलो. पण कानात "घाई काब्रं करस" घुमत होतं, आणि तेवढ्या क्षणी मला वाटलं, जा, पड एकदा.

पाचजणांनी त्याला आडवा केला. आम्ही दोन गुणांनी हरलो.

संध्याकाळ व्हायच्या आत व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर. गोपालने मध्यरेषा ओलांडली तिथून सुरू आणि तो मातीत पडला तिथे संपलेला. त्याने त्याआधी कुठे पाहिलं ते त्यात नव्हतंच. खाली लोकांचे शेरे: हिरो बनायला गेला. समोरच्यांनी विकत घेतला असेल. डोकं घरी ठेवून आला. गोपालच्या गावापर्यंत तो व्हिडिओ पोचला, त्याच्या आईने शेजारणीच्या फोनवर पाहिला. मंडळाच्या अध्यक्षांचं खतं-बियाण्यांचं दुकान होतं, तिथे बसून त्यांनी जाहीर करून टाकलं, "ज्याला पुढे असताना परत येता येत नाही, त्याचं नाव मी जिल्ह्याला धाडणार नाही." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तिसऱ्या दिवशी आबांच्या केबिनमध्ये आम्ही सातजण. आबांच्या डोक्यावर सत्काराची नवीकोरी टोपी, कडक खळीची. त्यांनी गोपालची पावती घेतली. चौदा चढाया, एकेक काढली. शेवटच्या चढाईवर आले तेव्हा पेन खाली ठेवलं.

"मध्यरेषावर उभा व्हता तवय तू कोठे दखं?"

गोपाल चहाच्या ग्लासात बघत राहिला. "आठवत नही, आबा."

"टोपी दखी का?"

"आठवत नही."

आबांना स्वतःला आठवत होतं ते एवढंच, की पंचांचा निर्णय झाला तेव्हा टोपी डोक्यावर होती. ते खरंही होतं. सत्काराच्या आनंदात पुढचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बाहेर बसेल व्हता. मन्हाजोडे. तू काय दखं?"

"काहीच नाही," मी म्हणालो. आबांशी मी शुद्ध मराठीत बोललो याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

आबांनी गोपालच्या पावतीवर भरलेल्या गाडीची ओळ लिहिली, खालच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि ती खिळ्याला टोचली. "आज निकाल नही. गाडी खाली होवाले टाइम शे." अध्यक्षांना कळलं तेव्हा ते म्हणाले, तुमचा काटा चालू द्या, नावाची यादी सोमवारी जाते.

सोमवारी सकाळी मंडळाची बैठक भरली. अध्यक्षांपुढे कागद, कागदावर माझं नाव पेन्सिलीने लिहिलेलं, पेनाने गिरवायचं बाकी. आबांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आले तेव्हा आम्ही आधी ओळखलंच नाही. डोकं उघडं. टक्कल असं पांढरंफटक, की त्यावर कधी ऊन पडलंच नसावं. हातात एक मोठा फोटो. फोटोवाल्याने आदल्या दिवशी सत्काराचा फोटो घरी आणून दिला होता, भिंतीवर लावायला. फोटोची डावी कड आतल्या बाजूला दुमडलेली होती. चौकटीत बसत नसेल, असं मला वाटलं.

आबांनी फोटो टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट. पाहुणे हसतायत, नवी टोपी हवेत, आबांचं डोकं उघडं, जुनी टोपी हातात. आणि मागे, पाहुण्यांच्या खांद्यावरून, मध्यरेषेवर उभा गोपाल. थेट त्या टोपीकडे बघणारा.

"चूक मनी शे," आबा म्हणाले.

अध्यक्षांना काही उमगेना. आबांनी मग टोपीची खूण सांगितली. आजवर सातजणांपलीकडे गेली नव्हती ती. सांगून झाल्यावर म्हणाले, "मी त्याले सांगं, आपन मांगे शेत. तो मांगे समजीसन खेयना. मांगे असाना टाइमले कसं खेयनं जोयजे, तसाच खेयना. त्यामा त्यानी चूक एक बी नही."

"आबा, अहो सत्कारासाठी टोपी काढली तुम्ही, त्यात तुमची काय चूक," अध्यक्ष म्हणाले.

"काटावर बसेल माणूसनी उठानं नही," आबा म्हणाले. "मी उठनू. मनं नाव लाउडस्पीकरवर उनं, माले चांगलं वाटनं. मी उठनू."

आबा गोपालकडे वळले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "तुले माहीत व्हतं ना? चार दिन लोकंसना शिव्या खास, आणि माले सांगस, आठवत नही! काब्रं नही सांगं रे?"

गोपाल म्हणाला, "तुमना पहिलाच सत्कार व्हता ना, आबा."

आबा खाली बसले. अध्यक्षांनी खोडरबर शोधलं, सापडलं नाही, म्हणून माझं नाव खोडून शेजारी गोपालचं लिहिलं. मी पहिली टाळी वाजवली. त्या टाळीबद्दलही माझं कौतुक झालं.

गोपाल जिल्ह्याला गेला, पुढे पोलिसात लागला. मलाही धुळ्याला एका महाविद्यालयाच्या कार्यालयात चिकटायला मिळालं. आमच्या आयुष्यांचं वाईट काही झालं नाही. झालं ते आबांचं. ते पुन्हा कधी गुणलेखकाच्या टेबलाशी बसले नाहीत. सामन्यांना यायचे, पण मागे, बोडक्या डोक्याने, उभे. पावत्या फाडणं बंद. आम्ही किती विनवलं. गोपाल स्वतः गणवेशात येऊन केबिनपुढे बसला, म्हणाला, माझी एक मॅच तरी तोला. आबा म्हणाले, "बिघडेल काटावर कोनी वजन करस का?" काटा चुकीचा निघाला की सरकारी माणूस येऊन त्याला सील ठोकतो; आबांनी स्वतःला ठोकून घेतलं होतं. बाजारात पोरं त्यांना टोपीवरून चिडवायची. दोन्ही टोप्या घरात पेटीत ठेवल्यात, असं अक्का सांगायची.

माझ्याशी मात्र ते नेहमीसारखेच. सुट्टीत गेलो की चहा, बशी, आणि मी उठायला लागलो की न चुकता एकच प्रश्न, "काय भो, गाडी खाली झायी का?" मला वाटायचं, लग्न जमलं का, नोकरीत कायम झालास का, असं काहीतरी विचारतात. मी हसून म्हणायचो, होतेय, आबा. ते मान हलवायचे. "होऊ दे. घाई नही."

गेल्या पौषात आबा गेले. गंधमुक्तीच्या विधीला मी धुळ्याहून गेलो. जेवणं आटोपल्यावर अक्काने हाक मारली आणि काट्यावरचा तो लांब खिळाच माझ्यापुढे ठेवला; केबिन पाडली तेव्हा आबांनी तो उपटून घरी आणला होता. म्हणाली, "बठ्ठ्या पावत्या फाडीसन टाक्यात त्यास्नी. हाई एकच ठेवी. तुन्हं नाव शे."

खिळ्याला एक पिवळी पडलेली पावती आणि तिच्यामागे घडी केलेला तो फोटो. आधी फोटो उलगडला. दुमडलेली डावी कड सात वर्षांनी सरळ झाली. त्या कडेला मी होतो. बाद झालेल्यांच्या जागेत बसलेला, नजर थेट आबांच्या हातातल्या टोपीवर. तोंड घट्ट मिटलेलं. त्या चेहऱ्याकडे बघून कुणीही म्हणालं नसतं की याला काही दिसलं नाही. ती कड दुमडून आबा बैठकीला आले होते.

पावतीवर माझं नाव. खाली आबांच्या टपोऱ्या अक्षरात: भरलेली गाडी – दिसलं. ओरडला नाही. विचारल्यावर नाही म्हणाला.

रिकामी गाडी – कोरी. निव्वळ – कोरी.

मी ओसरीवर बसून राहिलो. मी एक शब्द बोललो असतो तर त्या सोमवारी ओझं दोघांत वाटलं गेलं असतं. मग कदाचित आबा टेबलापाशी बसत राहिले असते. माझ्या वाटणीचं त्यांनी स्वतःवर चढवलं आणि सात वर्षं उघड्या डोक्याने वाहिलं, आणि माझ्याविरुद्ध एक आकडा लिहिला नाही, कारण माझी रिकामी गाडी त्यांनी पाहिलेली नव्हती. मला रडू आलं. अक्का म्हणाली, रड, आबासाठी बठ्ठा रडनात. मी तिला खरं कारण सांगितलं नाही.

धुळ्याला परतल्यावर घरी गेलोच नाही. स्टँडवरून सरळ गोपालच्या क्वार्टरवर गेलो; तोही तेव्हा धुळ्यातच पोलिसात होता. त्याची दिवसपाळी नुकती सुटली होती. त्याच्यासमोर पावती ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि त्याच्यादेखत रिकाम्या गाडीच्या ओळीत लिहिलं: गोपाल सर्वांसमोर बोलला त्याचा राग होता, आणि जिल्ह्याला माझं नाव जावं असं वाटत होतं. निव्वळची ओळ मला भरता येईना. पावती त्याच्याकडे सरकवली.

गोपालने ती दोनदा वाचली. मग उठून आत गेला, चहा टाकायला सांगून आला आणि माझ्यासमोर बसला.

"फोटो आबास्नी माले तवयच, बैठक झायी त्यानंतर, दखाडा व्हता, आख्खा," तो म्हणाला. "मी तुन्हाकडे निंघेल व्हतू, भांडाले. त्यास्नी मना हात धरा. म्हने, त्याले इचारू नको. तो सोता सांगी."

चहा आला. गोपालने तो बशीत ओतला, दोन्ही हातांनी जरासा वर-खाली केला आणि माझ्यापुढे धरला.

"सात वरीस लागनात रे तुले," तो म्हणाला. "ते मरेपर्यंत तुन्ही वाट दखेत."